सॅच्युरेशनसाठी महागडे प्लगइन आत्ताच घ्यावे का?

वाचकाचे पत्र: मी घरीच गाणी तयार करतो. गायन आणि बेस गिटार मी स्वतः मुद्रित करतो. कीबोर्ड आणि ड्रम सॉफ्टवेअरमधले असतात. सॅच्युरेशनसाठी, म्हणजे आवाजात थोडी विकृती आणून त्याला ऊब देण्यासाठी, सॉफ्टवेअरसोबत आलेले एक आणि दोन मोफत प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) माझ्याकडे आहेत. तरीही माझा बेस फोनवर ऐकूच येत नाही, गायनावर सॅच्युरेशन लावले की ‘स’ आणि ‘श’ टोचू लागतात आणि पूर्ण मिक्सवर लावले तर सगळे गढूळ होते. माझ्यासोबत काम करणाऱ्या मित्राचे म्हणणे असे, की स्वस्त प्लगइन ‘डिजिटल’ वाजतात, खरी ऊब महागड्यांतच मिळते. एका नामांकित मल्टिबँड (ध्वनीचे पट्टे वेगळे करून काम करणाऱ्या) प्लगइनवर सध्या मोठी सवलत आहे आणि ती या आठवड्यात संपते. तेवढ्याच पैशांत चांगले हेडफोनही येतील. मी काय करावे?

उत्तर:

सस्नेह नमस्कार.

ही सवलत तुम्ही जाऊ द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारींपैकी एकीचेही मूळ प्लगइनच्या किमतीत नाही, आणि ज्या पद्धतीने तुम्ही सध्या सॅच्युरेशन लावता त्याच पद्धतीने महागडे प्लगइन लावले, तर या तक्रारी बहुतांशी तशाच राहतील. महागड्या प्लगइनमध्ये काहीच विशेष नसते, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांत विशेष असते, पण ते तुमचा मित्र सांगतो त्या ठिकाणी नसते. आणि ते नेमके कुठे असते हे कळल्याशिवाय खरेदी केली, तर पैसे कशासाठी दिले हे तुम्हाला नंतरही सांगता येणार नाही.

सॅच्युरेशनचे मूळ काम अगदी साधे आहे. येणाऱ्या ध्वनिलहरीचे उंच शेंडे थोडे दाबले जातात, लहरीचा आकार बदलतो आणि त्यामुळे मूळ स्वराच्या पटीतल्या नव्या वारंवारता, म्हणजे हार्मोनिक, तयार होतात. लहरीच्या वरच्या आणि खालच्या बाजू सारख्याच दाबल्या गेल्या तर तिसरा, पाचवा, सातवा असे विषम हार्मोनिक मिळतात. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त दाबली गेली तर दुसरा आणि चौथा असे सम हार्मोनिकही येतात. मूळ स्वर षड्ज धरला, तर दुसरा हार्मोनिक वरच्या सप्तकातला षड्ज असतो, तिसरा त्याच्याही वरचा पंचम आणि पाचवा आणखी वरचा शुद्ध गंधार. दुसरा हार्मोनिक स्वराला भरीव करतो आणि तिसरा त्याला धार देतो, असे आपल्याला का वाटते याचे उत्तर या स्वरांच्या नात्यात बरेचसे सापडते. टेपवरच्या ध्वनिमुद्रणात तिसरा हार्मोनिक प्रमुख असतो, तर एकेरी ट्रायोड व्हॅकुम ट्यूबच्या सर्किटमध्ये दुसरा.

लहर दाबणारे हे वक्र गणिताच्या दृष्टीने अवघड नाहीत. ते लिहायला मोठी कंपनी लागत नाही, आणि म्हणूनच मोफत प्लगइनमध्येही ते उत्तम दर्जाचे मिळतात. क्लांगहेल्म या छोट्या कंपनीचे ‘इव्हगी’ मोफत आहे आणि त्यात लहरीच्या दोन बाजू किती असमान दाबायच्या हे ठरवण्याची स्वतंत्र कळ आहे. ‘चाऊ टेप मॉडेल’ मोफत आहे, त्याचा कोड कुणालाही पाहता येतो आणि ते विद्यापीठातील संशोधनातून, सोनीच्या टीसी-२६० या रील टेप यंत्राच्या अभ्यासातून तयार झाले. टेपचे चुंबकीय कण आधीच्या स्थितीचा परिणाम धरून ठेवतात, तो गुणधर्मही त्यात भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी उतरवला आहे. ‘एअरविंडोज’च्या प्लगइनमध्ये दिसायला काहीच नसते, नुसत्या साध्या पट्ट्या सरकवायच्या असतात, पण आवाज फार विचारपूर्वक घडवलेला असतो. मोफत म्हणजे उथळ, असा समज या क्षेत्रात टिकत नाही.

मग तुमच्या मित्राला ‘डिजिटल’ असे काय ऐकू येते? तो काही तरी ऐकत असणार, हे मी धरून चालतो. माझ्या मते त्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे आणि त्या एकेक करून सुट्या केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट आवाजाच्या पातळीची. सॅच्युरेशन लावले की सरासरी पातळी वाढते, आणि जरासा मोठा आवाज आपल्या कानाला नेहमीच अधिक भरीव आणि अधिक स्पष्ट वाटतो. पातळी वाढली की खर्जाचे आणि वरच्या टोकाचे भाग कानाला तुलनेने जास्त ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांपासून माहीत आहे. एक डेसिबलचा फरकही निवड फिरवायला पुरतो. त्यामुळे दोन प्लगइनची तुलना करताना गाण्याचा एकच तुकडा, शक्यतो ध्रुवपदाच्या दोन-चार ओळी, दोन्हींतून वाजवावा, लाउडनेस मीटरवर दोन्हींचे एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे) आकडे जुळवावेत आणि मगच डोळे मिटून बदलून ऐकावे. प्लगइनमधल्या ‘ऑटो गेन’वर, म्हणजे पातळी आपोआप जुळवणाऱ्या सोयीवर, याबाबतीत विसंबू नये, तो बहुधा अंदाजाने चालतो. ही एवढी शिस्त पाळली, की ‘हे स्वस्तातले आणि ते महागातले’ असे पटकन ओळखता येण्याचे प्रसंग फार कमी उरतात.

दुसरी गोष्ट खरी तांत्रिक आहे आणि तिच्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण स्वस्त आणि महाग यांच्यातला ऐकू येणारा फरक बहुतेक वेळा इथेच असतो. तिचे नाव एलियासिंग. तुमचा प्रकल्प ४४,१०० हर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (दर सेकंदाला घेतलेल्या ध्वनीच्या नमुन्यांची संख्या) असेल, तर त्यात २२,०५० हर्ट्झच्या वरची कोणतीही वारंवारता साठवता येत नाही. सॅच्युरेशनने तयार केलेले हार्मोनिक या मर्यादेच्या वर गेले, तर ते नाहीसे न होता आरशातल्या प्रतिमेसारखे उलटून खाली येतात. हे तुम्ही स्वतः पाहू शकता. सॉफ्टवेअरमधल्या टोन जनरेटरने ८,००० हर्ट्झचा एकच साधा स्वर काढा, त्यावर प्लगइन लावून ड्राइव्ह, म्हणजे सॅच्युरेशनचा जोर, बराच वाढवा आणि पुढे व्हॉक्सेंगो स्पॅनसारखा मोफत स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कोणती वारंवारता किती आहे ते दाखवणारा आलेख) लावा. तिसरा हार्मोनिक २४,००० हर्ट्झवर असायला हवा. तो उलटून २०,१०० वर दिसेल. पाचवा ४०,००० वर असायला हवा. तो येईल ४,१०० वर, म्हणजे मूळ स्वराच्याही खाली, आणि मूळ स्वराशी त्याचे कोणतेही सांगीतिक नाते नसेल. सातवा येईल ११,९०० वर. कानाला बोचणारे, कोरडे, ‘डिजिटल’ असे जे वाटते ते बरेचदा हेच असते. ही चाचणी ४८,००० च्या प्रकल्पात मात्र ८,००० हर्ट्झच्या स्वराने घेऊ नका, कारण तिथे पाचवा हार्मोनिक उलटून नेमका ८,००० वरच येतो आणि दोष असूनही दिसत नाही.

यावरचा उपाय म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग. प्लगइन आतल्या आत सॅम्पल रेट काही पटींनी वाढवते, त्या प्रशस्त जागेत सॅच्युरेशन करते, श्रवणमर्यादेपलीकडचे हार्मोनिक गाळते आणि मग मूळ दरावर परत येते. चौपट ओव्हरसॅम्पलिंग केले, तर वरच्या उदाहरणातली मर्यादा ८८,२०० हर्ट्झवर जाते आणि २४,००० व ४०,००० चे हार्मोनिक उलटण्याआधीच गाळता येतात. याची किंमत प्रोसेसरवरच्या भारात आणि थोड्याशा विलंबात मोजावी लागते. फॅबफिल्टरच्या ‘सॅटर्न २’ या महागड्या मल्टिबँड प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग ३२ पटींपर्यंत नेता येते, आणि गाळण्याचे हे काम तिथे फार काळजीपूर्वक केलेले आहे. पण ओव्हरसॅम्पलिंग ही महागड्यांची मिरासदारी नाही. चाऊ टेप मॉडेलमध्येही ते १६ पटींपर्यंत आहे, आणि रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये तर कोणत्याही प्लगइनला बाहेरून ओव्हरसॅम्पलिंग लावता येते. तुमच्याकडच्या तिन्ही प्लगइनवर ही चाचणी आजच घ्या. ज्यात खाली उलटून आलेल्या रेषा उंच दिसतील, ते गायनावर आणि झांजांवर वापरणे थांबवा. बेसवर ते निर्धास्त वापरा, कारण बेसचे हार्मोनिक त्या मर्यादेपर्यंत पोचतात तोवर अगदी क्षीण झालेले असतात.

तिसरी गोष्ट प्लगइनमध्ये शिरणाऱ्या पातळीची. जुन्या यंत्रांची नक्कल करणारी बरीच प्लगइन उणे १८ डेसिबल फुल स्केल (डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली) म्हणजे जुन्या यंत्रांच्या व्हीयू मीटरवरचा शून्य, असे धरून बनवलेली असतात. तुमचा ट्रॅक शून्याला भिडत आत जात असेल, तर ड्राइव्हची कळ न फिरवताही प्लगइन आधीच जोरात विकृती करत असते. सॅच्युरेशनच्या आधी गेन कमी करून ट्रॅकची सरासरी उणे १८ च्या आसपास आणा. स्वस्त प्लगइनविषयीच्या निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतात, असा माझा अनुभव आहे.

आता तुमच्या तीन तक्रारींकडे वळतो.

बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. फोनचा लहानसा स्पीकर तो वाजवूच शकत नाही, आणि कोणतेही प्लगइन त्याच्याकडून तो वाजवून घेऊ शकणार नाही. मात्र त्या स्वराचे वरचे हार्मोनिक ऐकू आले, तर मूळ स्वर नसतानाही कान तो मनात भरून काढतो. तेव्हा बेसचा मूळ ट्रॅक आहे तसा स्वच्छ ठेवा आणि त्याची एक प्रत, किंवा सेंड (ट्रॅकचा आवाज दुसऱ्या वाटेने पाठवण्याची सोय), वेगळी घ्या. त्या प्रतीवर भरपूर सॅच्युरेशन लावा. नंतर, आधी नव्हे, साधारण २५० हर्ट्झच्या खालचा आणि ३,००० हर्ट्झच्या वरचा भाग फिल्टरने कापा आणि ही प्रत मूळ ट्रॅकखाली हळूहळू वर आणा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण खालचा भाग आधीच कापला, तर ज्या स्वराचे हार्मोनिक हवेत तोच सॅच्युरेशनपर्यंत पोचत नाही. दोन्ही एकत्र वाजताना बेस पातळ झाला, तर प्रतीची पोलॅरिटी उलटी करून (लहरीची वरची बाजू खाली आणून) पाहा आणि जी स्थिती भरीव वाटेल ती ठेवा. फोनवर ऐकताना सुरावट ओळखू येऊ लागली, की तिथेच थांबा. या कामाला तुमच्याकडचे सर्वांत साधे प्लगइनही पुरते.

गायनातला ‘स’ टोचण्याचे कारण असे, की सॅच्युरेशन मोठ्या आवाजातले स्वर दाबते. ‘स’ आणि ‘श’ यांची पातळी बहुधा त्यांच्यापेक्षा कमी असल्याने ते दाबले जात नाहीत आणि नंतर एकूण पातळी वर आणली की तेच पुढे येतात. त्यात एलियासिंग असेल, तर त्यांच्या वरच्या पट्टीतली खरखर आणखी वाढते. त्यासाठी डी-एसर (‘स’, ‘श’ कमी करणारे प्लगइन) सॅच्युरेशनच्या आधी लावा. तेवढ्याने भागले नाही, तर सॅच्युरेशनच्या आधी ईक्यूने (ठरावीक वारंवारता वर-खाली करणाऱ्या प्लगइनने) ५,००० हर्ट्झच्या वरचा भाग ५ डेसिबलने खाली घ्या आणि सॅच्युरेशननंतर तेवढाच पुन्हा वर आणा. अशाने आवाजाच्या मधल्या भागाला भर येते आणि वरचा भाग जवळपास अस्पर्शित राहतो. सॉफ्टट्यूबच्या मोफत ‘सॅच्युरेशन नॉब’मध्ये वरची पट्टी वाचवणारी ‘कीप हाय’ ही स्थिती आहे. ती याच हेतूची आहे. गायनाच्या बाबतीत घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. श्रोत्याचे लक्ष सर्वांत जास्त वेळ गाणाऱ्याच्या आवाजावर असते, आणि तिथला थोडासा अतिरेकही गाणे संपेपर्यंत सोबत राहतो.

पूर्ण मिक्स गढूळ होण्याचे कारण याहून खोल आहे. सॅच्युरेशनमधून दोन स्वर एकाच वेळी गेले, की प्रत्येकाच्या हार्मोनिकखेरीज त्या दोघांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्या वारंवारताही जन्माला येतात. तुमच्या कीबोर्डवरचा ४४० हर्ट्झचा स्वर आणि त्याच्यावरचा गंधार घ्या. कीबोर्डच्या समान अंतराच्या ट्यूनिंगमध्ये तो गंधार सुमारे ५५४ हर्ट्झचा असतो. दोघांची वजाबाकी ११४ हर्ट्झ येते. खालच्या सप्तकांतला षड्ज असतो ११० हर्ट्झचा. म्हणजे कुणीही न वाजवलेला, षड्जापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे दोन-तृतीयांशाने चढलेला एक स्वर खर्जात मिसळतो, तोही तुमच्या बेसच्या नेमक्या जागेत. पूर्ण मिक्समध्ये असे स्वर शेकडोंनी तयार होतात. म्हणून सॅच्युरेशन शक्यतो एकेका ट्रॅकवर लावावे, कॉर्ड वाजवणाऱ्या वाद्यांवर हात आखडता घ्यावा आणि पूर्ण मिक्सवर लावायचेच असेल तर इतके कमी लावावे, की काढल्यावरच जाणवेल. हा नियम कितीही महागड्या प्लगइनला लागू आहे, कारण ही गोष्ट गणिताची आहे.

इथेच महागड्या मल्टिबँड प्लगइनची खरी उपयुक्तता सुरू होते. ते ध्वनीचे पट्टे आधी वेगळे करते आणि प्रत्येक पट्ट्यावर वेगळे सॅच्युरेशन लावते. त्यामुळे खालच्या पट्ट्यातला बेस आणि वरच्या पट्ट्यातल्या झांजा एकमेकांत मिसळून नवे स्वर तयार करत नाहीत. सॅटर्न २ मध्ये असे सहा पट्टे करता येतात, प्रत्येकाला स्वतंत्र प्रकार निवडता येतो, आणि ड्राइव्हचे प्रमाण येणाऱ्या ध्वनीच्या जोरानुसार आपोआप कमीजास्त करता येते. हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण गायक हळू गाताना थोडी भर आणि जोरात गाताना संयम, असे उलटे नाते त्याने बांधता येते. साध्या सॅच्युरेशनचा स्वभाव नेमका याच्या विरुद्ध असतो. साउंडटॉइजच्या ‘डिकॅपिटेटर’ची किंमत वेगळ्या गोष्टीसाठी आहे. त्यात अँपेक्स, नीव्ह, कल्चर व्हल्चर अशा नामांकित यंत्रांवर आधारलेले पाच प्रकार आहेत आणि एका कळीने एकातून दुसऱ्यात जाता येते. रोज चार-पाच गाणी हाताळणाऱ्या माणसाला हा वाचलेला वेळ म्हणजेच पैसा असतो. तुम्ही एका गाण्यावर निवांत काम करता, तेव्हा तुमच्यासाठी ते मोल तेवढे नाही.

हेच पट्टे तुम्ही आज मोफतही पाडू शकता. ट्रॅकच्या तीन प्रती करून त्यांवर फिल्टर लावले आणि प्रत्येकीवर वेगळे प्लगइन लावले, की काम होते. ते किचकट आहे, आणि फिल्टरांच्या सीमेवर फेजचे प्रश्न येतात, म्हणजे लहरी पुढेमागे सरकून एकमेकींना कापतात, हे खरे. पण काही गाणी अशी करून पाहिली, की आपल्याला पट्ट्यांची गरज खरोखर किती पडते याचा अंदाज येतो. तुम्ही पुन्हा पुन्हा त्याच प्रती पाडत बसला आहात आणि त्यात गाण्याचा ओघ तुटतो आहे, असे लक्षात आले, तर मल्टिबँड प्लगइन बिनधास्त घ्या. तो खर्च वाया जाणार नाही. सवलतीची चिंता करू नका, कारण प्लगइनच्या सवलती वर्षभर या ना त्या निमित्ताने परत येत असतात.

खरेदीची वेळ येईल तेव्हा परवान्याकडे आवाजाइतकेच लक्ष द्या. परवाना कायमचा आहे की मासिक वर्गणीचा, वर्गणी थांबवल्यावर जुने प्रकल्प उघडतील का, तो किती संगणकांवर चालतो आणि दुसऱ्याला विकता येतो का, हे आधी वाचावे. मोफत प्लगइनची एक खरी जोखीम इथे नोंदवायला हवी: त्यांची देखभाल करणारा माणूस कधीही थांबू शकतो. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिनाने ३२ बिटची प्रणाली काढून टाकली, तेव्हा देखभाल थांबलेली जुनी प्लगइन त्या संगणकांवर बंद पडली. प्लगइन मोफत असो वा महाग, गाणे पूर्ण झाले की सॅच्युरेशनसह प्रत्येक ट्रॅकची ध्वनिफीत काढून ठेवण्याची सवय लावून घ्या.

हेडफोनविषयी माझा कौल त्यांच्या बाजूने आहे. बेसमध्ये किती हार्मोनिक मिसळले, ‘स’ नेमका कुठे टोचतो, एलियासिंगची खरखर आहे की नाही, हे सगळे ऐकू आल्याशिवाय निवड करता येत नाही. घेताना खर्ज फुगवणारे हेडफोन टाळा आणि ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी बनवलेले, पाठीमागून उघडे असलेले घ्या. मात्र गाताना कानावर बंद हेडफोनच हवेत, नाहीतर वाजणारा ट्रॅक मायक्रोफोनमध्ये शिरेल. तुमचे सध्याचे त्या कामासाठी राहू द्या.

त्या मल्टिबँड प्लगइनची चाचणी-आवृत्ती मिळत असेल, तर ती लगेच सुरू करू नका, कारण तिची मुदत बहुधा ती सुरू केल्यापासूनच मोजली जाते. आधी नव्या हेडफोनवर, तुमच्याकडच्याच प्लगइनने, वर सांगितलेल्या क्रमाने एक गाणे पुरे करा. मग चाचणी-आवृत्ती घ्या, त्याच गाण्यातला बेस आणि गायन तिच्यातून पुन्हा करा, दोन्ही आवृत्त्यांचे एलयूएफएस जुळवा आणि कोणती कुठली हे न सांगता तुमच्या त्या मित्राला ऐकवा.